कोऱ्या पाण्याची नळी

३ मार्च, सकाळी सव्वानऊ
खोक्यातून यंत्र काढतो आहे. नवी नोकरी, नवी खोली, खिडकीबाहेर थेट जंगल! या यंत्राचा आराखडा कुणालाही फुकट मिळतो. साहेबांनी सुटे भाग आणून ते शहरात जोडले. मेलेल्या वटवाघळांचे नमुने इथेच तपासायचे. रोग असला की नळी हिरवी उजळते. प्रत्येक खेपेला एका नळीत नुसते स्वच्छ पाणी भरायचे. ती काळीच राहिली पाहिजे. उजळली तर सगळी खेप बाद. माझी शाळा नववीत सुटली, पण हात स्थिर आहे म्हणून मला घेतले. स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, आलास ते बरं झालं लेका, भांड्यांशी बोलून तोंड दुखलं माझं.

६ मार्च
सहा वटवाघळे. चार नळ्या हिरव्या, पाण्याची काळी. फोनवर साहेब शाबास म्हणाले. हातमोजे संपले म्हटल्यावर म्हणाले, धुऊन वापर, तू काय सर्जन लागून गेलास?

११ मार्च
मोजा अंगठ्यापाशी फाटला. मावशींकडून तीनशे ऐंशी उसने घेऊन बाजारातून नवे मागवले. साहेब म्हणतात, पावती पाठव, मग बघू.

१६ मार्च
पाण्याची नळी उजळली. टेबल पुसले, बाटली बदलली, पुन्हा केले. हिरवीच. साहेब फोनवर हसले : आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! घरगुती यंत्र आणि त्यावर तू! त्यांनी माझे सगळे अहवाल रद्द केले. सहा तारखेचेसुद्धा.

१८ मार्च
मी बाहेर थांबलो, मावशींना पाणी भरायला लावले. म्हणाल्या, इश्श, चहात साखर घालण्याइतकंच की.
काळी.
मग मी भरले. हिरवी.
पुन्हा त्यांनी. काळी. पुन्हा मी—
यंत्रात काही बिघाड नाही.

१९ मार्च
कोऱ्या नळीत नुसता श्वास सोडला. वटवाघळांपेक्षा लख्ख हिरवी. साहेबांकडे दवाखान्यात जायला गाडी मागितली. गाडी पाहुण्यांना फिरवायला हवी आहे म्हणे. पाहुण्यांना!

२० मार्च
मावशींना दारातूनच परत पाठवले, ओरडून. म्हणाल्या, चार दिवसांत एवढा माज? रागावू देत. लांब राहतील. त्यांची नळी आजही काळी होती. काळी!

२१ मार्च
ताप. बोटांची नखे— नको, बघत नाही.
साहेबांचा हुकूम : यंत्र बंद कर, खोली मावशींकडून धुऊन घे. मी मावशींना सांगितले नाही. सांगणारही नाही. कडी आतून लावली.

२२
साहेबांनी मावशींनाच फोन केला. बादली वाजते आहे. ओरडतो, पण आवाज— कडी खिळखिळी आहे, त्या धक्का—
हिशेब. खर्च : मोजे, तीनशे ऐंशी. साहेबांकडून येणे : तीनशे ऐंशी. मावशींचे देणे : तीनशे ऐंशी. नोटा उशीखाली आहेत, पण माझा हात लागलेल्या. मावशी, त्यांना शिवू नका. साहेबांकडून घ्या. त्यांना इथे यायला लावा, याच खोलीत, आणि मोजून—