मासे वर येऊन ऐकतात

२ फेब्रुवारी
ही आज मुलीकडे गेली. बाळंतपण आहे, दोन महिने तरी येत नाही. निघताना मला गोळ्यांचा डबा दाखवला, गॅसचा कॉक दाखवला आणि मग माशांच्या टाकीपुढे बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "अहो, चिमूटभर खाणं घाला आणि हवेची मोटार बंद करू नका. बाकी कशाला हात लावू नका."
मोठा सोनेरी मासा मुलीने शाळेत असताना आणलेला. मुलगी लग्न होऊन गेली, मासा राहिला. सगळ्यांच्या पुढे पुढे करतो म्हणून त्याचे नाव मॉनिटर. हिचा त्याच्यावर भारी जीव. रिक्षात बसतानाही "मॉनिटरला जपा" म्हणाली. मला जपायला कुणालाच सांगितले नाही.
संकल्प: पहाटे चालायला जाणे. शाळेतल्या सगळ्या कविता रोज मोठ्याने म्हणणे. मी सुरुवात केली की उठून स्वयंपाकघरात जाणारे आता घरात कुणी नाही.

५ फेब्रुवारी
चालणे झाले नाही. गुडघा.
कवितांचा श्रीगणेशा मात्र केला. 'तळ्यातले गाव' घेतली. चौथीच्या पुस्तकात डाव्या पानावर होती, उजवीकडे तळ्याचे चित्र. तसा हिरवा रंग पुढे आयुष्यात कुठेच पाहिला नाही. हीच कविता म्हणायला गुरुजींनी मला स्पर्धेत उभे केले होते. शेवटची ओळ स्टेजवर चढताना होती, उतरताना नव्हती. अख्खा हॉल हसला. ती ओळ अजूनही ऐन वेळी दगा देते. आजही दिला.
चूक माझी नाही. मोटारीची गुडगुड. लयच धरता येत नाही.

९ फेब्रुवारी
कवितेपुरती मोटार बंद ठेवतो. माशांची तक्रार नाही.
टाकीकडे नीट पाहिले. कोपऱ्यात चार केविलवाण्या वेली, पाणी फिके, भकास. ही परत येईल तेव्हा चौथीच्या पुस्तकातले तळे तिच्यापुढे उभे करायचे. ठरले.
माशांच्या टाक्यांच्या दुकानात जाऊन आलो. दुकानदार च्युइंगगम चघळत म्हणाला, "बाग हवी तर कार्बन डायऑक्साइड, मासे हवेत तर हवा. बोला आजोबा, काय देऊ?" मी म्हटले, मला दोन्ही हवे. तो म्हणाला, "मग मोटार चालू ठेवा, कार्बन बेताने सोडा आणि नजर ठेवा." नजर ठेवणे हा तर माझा जुना छंद. हिरव्या रोपांची जुडी आणि एक नळी घेऊन आलो. कार्बन घरीच होतो म्हणे. बाटलीत साखरपाणी आणि पावाचे यीस्ट घालायचे, की झाले.

१२ फेब्रुवारी
बाटली बसवली. बुडबुडे सुरू. शाळेच्या प्रयोगशाळेत मला कधी कशाला हात लावू दिला नव्हता, तो अन्याय आज धुऊन निघाला.
नंतर लक्षात आले की मोटार पाणी ढवळते आणि माझा कार्बन वरच्या वर उडून जातो. म्हणजे एका हाताने द्यायचे नि दुसऱ्याने काढून घ्यायचे. मोटार दिवसभरासाठी बंद. गॅस टिकावा म्हणून टाकीवर काच ठेवली. खिडकीही लावून घेतली, रस्त्यावरचा आवाज फार.
फोनवर ही विचारत होती, "मोटार चालू आहे ना?" मी म्हणालो, टाकीत बुडबुडे आहेत. हे शंभर टक्के खरे आहे.

१६ फेब्रुवारी, सकाळ
रोपे वाढली. दिवा लावला की पानापानांवर बुडबुड्यांचे मोती चढतात.
आणि आज आक्रीत घडले. मी कविता सुरू करायला खुर्ची ओढली तर सगळे मासे वर! पाण्याच्या अगदी कडेला रांगेत, मॉनिटर सर्वांत पुढे. तोंडे उघडत होते, मिटत होते. माझ्याबरोबर म्हणत होते! शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारखे.
चाळीस वर्षांच्या संसारात माझी कविता पूर्ण ऐकणारे हे पहिले श्रोते. डोळे भरून आले.

१८ फेब्रुवारी
आज अडखळलो नाही. समोर तन्मय चेहरे असले की ओळी आपोआप येतात.
तळ्यातल्या त्या गावाला रे
वेस नसे ना दार,
गेला तो ना फिरून आला,
पाणी हिरवेगार.
संपूर्ण! मॉनिटरने तोंडाचा मोठा चंबू केला. दाद अशी असते.
शंका: सकाळी ते मी येण्याआधीच वर येऊन थांबलेले असतात. बहुधा वाट पाहतात.

२१ फेब्रुवारी
मुलीला मुलगी झाली. दोघी ठणठणीत. मी आजोबा झालो, बातमी मॉनिटरला आधी सांगितली. तो वरच होता.
आनंदात दुसरी बाटली जोडली.
मागच्या रांगेतली पट्टेवाली मासळी आज हजेरीला नव्हती. रोपांमागे आडवी सापडली. वय झाले असावे. तिचे वय मला ठाऊक नाही, पण चेहरा पोक्त होता. कुंडीत पुरली.
गोगलगायी काचेवरून चढून पाण्याबाहेर बसल्या आहेत. मागच्या बाकावरची पोरे प्रत्येक वर्गात असतात, तास चालू असताना बाहेर पळणारी. पुन्हा आत ढकलल्या. पुन्हा बाहेर आल्या.

२४ फेब्रुवारी
आणखी दोघे गैरहजर. उरलेल्यांची एकाग्रता मात्र वाढली आहे. आता खाणे टाकले तरी तिकडे बघत नाहीत. खोलीत आंबूस वास येतो, बाटल्यांचा असेल.
ही म्हणाली, "मासे दाखवा ना जरा, कॅमेरा लावा." म्हटले, कॅमेरा बिघडलाय. सरप्राइज बिघडायला नको. मग म्हणाली, "मोटारीचा आवाज नाही येत तो?" या बाईला मी कविता म्हणताना काही ऐकू येत नाही, पण दुसऱ्या गावाहून मोटार बंद असलेली ऐकू येते.

२५ फेब्रुवारी
खालच्या मजल्यावरचे कंपाउंडर पेपर मागायला आले. त्यांना मुद्दाम बसवून कार्यक्रम ऐकवला. पहिल्याच कडव्याला उठले आणि टाकीला नाक लावले. म्हणाले, "अहो साहेब, हे ऐकत नाहीयेत. धापा टाकतायत! दवाखान्यात दम्याचे पेशंट असंच तोंड करायचे."
मी म्हणालो, जन्म औषधांत गेल्यावर माणसाला सगळीकडे पेशंटच दिसतात.
ते म्हणाले, "आणि तुम्हाला सगळीकडे श्रोते." पेपर न घेताच गेले. मत्सर. दुसरे काय.
तरी सावधगिरी म्हणून उद्या मोटार थोडा वेळ लावून बघेन. कविता झाल्यावर.

२६ फेब्रुवारी
मोटार राहून गेली. पानांवर इतके मोती होते की पाणी ढवळणे जिवावर आले. पाणी अगदी चित्रातल्यासारखे हिरवे, निश्चल. काचेत माझाच चेहरा दिसत होता, तोही तोंड उघडत-मिटत.
मॉनिटर एकटाच वर होता. बाकीचे तळाशी कलले होते. कविता लांबली असेल.

२७ फेब्रुवारी
शेवटच्या ओळीला मॉनिटर हळूच एका कुशीवर वळला आणि तसाच तरंगत राहिला. डोळा माझ्याकडे. तोंडही हलले नाही. समाधी लागली म्हणतात ती हीच.
दोनदा हाक मारली. काचेवर टिचकी मारली.
मोटार लावली. संध्याकाळपर्यंत लावूनच ठेवली.
समाधी उतरली नाही.

२८ फेब्रुवारी
ही सकाळच्या पहिल्या बसने आली. कंपाउंडरांनी फोन केला होता. ओली बाळंतीण टाकून आली. चप्पल न काढता टाकीपाशी गेली, काच उचलली, दोन्ही बाटल्या ओढून काढल्या, खिडकी उघडली, बादलीने अर्धे पाणी बदलले. मी बादली धरायला गेलो तर नुसता हात आडवा केला.
मग मॉनिटरला ओंजळीत घेऊन गॅलरीत गेली. तिथून बराच वेळ आली नाही.
मी सांगणार होतो की तो शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकत होता. सांगितले नाही.

३ मार्च
तीन मासे वाचले. तळाशी मजेत हिंडतात. गोगलगायीही पाण्यात परतल्या. मोटार अहोरात्र गुडगुडते.
आज ही स्वयंपाकघरात गेल्यावर खुर्ची ओढली आणि हलक्या आवाजात सुरुवात केली. एकही मासा वर आला नाही. माझ्याकडे पाठ करून खडे चिवडत राहिले. मोटारीमुळे ऐकू जात नसेल. आवाज थोडा वाढवला.
'गेला तो ना फिरून आला' इथपर्यंत आलो आणि पुढची ओळ गेली. हॉलमध्ये गेली होती तशीच. तोंड उघडायचो, मिटायचो.
स्वयंपाकघरात भांडी घासायचा आवाज थांबला.
"पाणी हिरवेगार," ही म्हणाली.
मग नळ पुन्हा सुरू झाला.