तिसऱ्या गिअरमधला आवाज

२ ऑगस्ट, शनिवार

कर्र्र! टिन फॅक्टरीच्या पुलाखाली पहिल्यांदा ऐकू आला. मागच्या सीटवरून हर्षिता म्हणाली, "आज्जा, गाडी दात खाते!" नात दुसरीत आहे, पण कान तिखट.

म्हणजे तिच्या बापाच्या, आमच्या रविकिरणच्या, कानावर जाणारच. दर शनिवारी मी तिला महादेवपुऱ्याहून चामराजपेटला आणतो, रविवारी संध्याकाळी सोडतो. आठवड्यात तेवढाच वेळ मी कुणाच्या तरी उपयोगाचा असतो. रविकिरणला मात्र गाडी मोडीत काढायची घाई झालीय. "आप्पा, गाडी सोळा वर्षांची, तुम्ही एकाहत्तरचे — बेरीज करून बघा!" केली. सत्याऐंशी. मग?

५ ऑगस्ट

मैसूर रोडला दयानंदच्या गॅरेजमध्ये गेलो. मूळचा निपाणीकडचा. काळा चष्मा लावून गाडीखाली शिरतो हा माणूस! बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला — "गिअरबॉक्स गेला की हो अण्णा."

म्हटलं, थांब. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवलं, क्लचवरून पाय काढला — शांत. क्लच दाबला — कर्र्र. सोडला — शांत. म्हणजे गिअरबॉक्स नव्हे, क्लचचं रिलीज बेअरिंग. पेडल दाबलं की भार त्याच्यावर येतो, मग ते ओरडतं. कारखान्यात सगळी नोकरी तपासणी विभागात काढली मी. एकेक कारण बाद करत जायचं, उरेल ते खरं.

"सरी, बरोबर," दयानंद म्हणाला, "मी पण तेच म्हणतो." हे 'पण' मला फार आवडलं.

९ ऑगस्ट

नवं बेअरिंग, नवी क्लचप्लेट. आवाज गेला. रविकिरणला मुद्दाम फोन करून सांगितलं.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. पुरणाच्या होळग्या दोन खाल्ल्या. वसुमती म्हणते चार. बायकोला स्वतःचा फोन नंबर आठवत नाही, माझा साखरेचा आकडा मात्र तोंडपाठ! "डॉक्टरांनी पाय दाखवून घ्यायला सांगितलंय," हेही परत काढलं. सणासुदीला पाय काय दाखवायचे? मुंग्या कुणाला येत नाहीत? आणि आता तर त्याही येत नाहीत. बरंच वाटतंय.

६ सप्टेंबर, शनिवार

परत आला. आणि भलत्याच जागी — तिसरा गिअर, गाडी सरळ चाललीय, पाय क्लचवरून काढलेला, आणि कर्र्र! हे शक्य नाही. पाय काढला की रिलीज बेअरिंगवर भार नाही. भार नाही तर आवाज नाही. म्हणजे या खेपेला खरंच गिअरबॉक्स?

हर्षिता खिडकीबाहेर बघत गाणं म्हणत होती. वाटलं, ऐकलं नसेल. रात्री फोनवर बापाला पहिलं वाक्य काय — "गाडी परत दात खाते!" पोरीच्या पोटात काही राहील तर शपथ.

रविकिरणने तिला फोन माझ्याकडे द्यायला सांगितला. "आप्पा, हे शेवटचं. आता नीट झाली नाही तर विकून टाकू. पोर मागे बसलेली असते हो." बोलणं चुकीचं नाही. तरी झोंबलं. गाडी गेली की शनिवार गेला. मला भीती वाटते ती त्याचीच, दुसऱ्या कशाची नाही.

८ सप्टेंबर

दयानंदने चालवली, मी बाजूला. केंगेरीपर्यंत जाऊन आलो. तिसरा गिअर दहादा टाकून बघितला. आवाज नाही! "कुठाय अण्णा आवाज?" डॉक्टरसमोर बसलं की ताप उतरतो, तसं झालं.

तिथून एकटा घरी निघालो. मक्कळ कूटच्या चौकापर्यंतही पोचलो नाही, तोच कर्र्र! गाडी माणूस ओळखते की काय?

११ सप्टेंबर

भाजी घेऊन येताना अर्धा रस्ता एकाच चपलेत चाललो. डावी कधी सुटली, कळलंच नाही. फुलवाली मागून ओरडत आली — "ताता, चप्पली!" अंगठा सैल झालाय. नवा जोड घ्यायला हवा.

घरी गंमत म्हणून सांगितलं. वसुमती हसली नाही.

१५ सप्टेंबर

गिअरबॉक्स उघडला. माझ्या हट्टाने — दयानंद नको म्हणत होता. प्रत्येक बेअरिंग हाताने फिरवलं, गिअरचे दात बोटाने तपासले. नाव ठेवायला जागा नाही. तेलही स्वच्छ.

पण रिलीज बेअरिंग, महिन्यापूर्वी घातलेलं, तापून निळं पडलेलं! क्लचप्लेटही घासून गुळगुळीत. हे एका महिन्यात? बेअरिंग नकली म्हणावं, तर डबा मी स्वतः फोडला होता. फोर्क वाकडा नाही. केबल ताणलेली नाही, पट्टी लावून बघितली. सगळी कारणं बाद झाली आणि हातात काहीच उरलं नाही. असं माझं नोकरीत कधी झालं नव्हतं.

दयानंद पान्हा पुसत म्हणाला, "अण्णा, रागवू नका. चालवताना पाय ठेवताय काय क्लचवर?"

मी? आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना गाडी मी शिकवली! पहिला धडा हाच — गिअर पडला की डावा पाय खाली. रविकिरणच्या पायावर फूटपट्टी मारलीय त्यासाठी. दयानंदला हे सगळं ऐकवलं, जरा मोठ्यानेच.

"सरी, बिडी," म्हणाला आणि चष्मा लावून गाडीखाली गेला. राहू दे म्हणे!

१८ सप्टेंबर

पुन्हा नवं बेअरिंग, नवी प्लेट. गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडतात. परवा शनिवार. उद्या वसुमतीला शेजारी बसवून लालबागेकडे एक चक्कर मारून येतो. रविकिरण माझं ऐकत नाही, आईचं ऐकतो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

तिसरा गिअर. गाडी गप्प. "ऐक, आहे कुठे आवाज?" म्हटलं. वसुमती ऐकतच नव्हती. माझ्या पायाकडे बघत होती.

"अहो, पाय काढा की क्लचवरून."

"काढलाय."

"नाही काढलेला."

कडेला घेऊन थांबलो. खाली बघितलं. डावी चप्पल आडवी पडलेली. उघडा पाय पेडलवर, तळव्यावर रबराचे वळ. मी समजत होतो, तो खाली आहे. वाकून हाताने उचलला, तेव्हा त्याचं वजन हाताला कळलं. पायाला काहीच कळलं नाही.

चावी वसुमतीला दिली. गाडी तिथेच ठेवून ऑटोने घरी आलो.

रविकिरणला फोन केला — उद्या हर्षिताला तू आणून सोड.

"का आप्पा, परत आवाज?"

"नाही रे. गाडी ठीक आहे."