समोरचा मका

ड्वाइट,

अंगणातला मका मीच कापलाय. कॉलनीच्या कमिटीच्या नोटिशीला घाबरून नाही, तेव्हा उगाच कुणावर ओरडत सुटू नकोस.

समोरच्या विल्माबाई घरात पडल्या, डॉक्टरांच्या मते काल सकाळीच, त्या आज दुपारी पोस्टमनला दिसल्या. अजून शुद्धीवर नाहीत. मी हॉस्पिटलात त्यांच्याजवळ जाऊन बसते. त्यांना दुसरं आहे कोण?

मका वाढण्याआधी रोज सकाळी पडदा सारून त्या मला हात करायच्या. सभेत म्हणाल्याही, "या मक्यापायी मी कुणाला दिसतच नाही." तू म्हणालास, "या वयात कुणाला दिसायचंय हिला?" आणि मी हसले.

कणसं टोपलीत आहेत, उकडून खा. ओट्यापाशी उभं राहिलं की आता त्यांची खिडकी स्वच्छ दिसते. पडदा अजून ओढलेलाच आहे.

लोर्ना