नाव न दिलेले पिल्लू

प्रिय आई,

तुझे पत्र पोचले. मी वेळेवर जेवतो, झोपही बरी लागते. तिकडे होबार्टला बर्फ पडला का? तुझा गुडघा कसा आहे? इकडे सकाळी गवतावर धुके असते आणि त्यात कांगारू कान टवकारून उभे असतात, कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखे.

मागच्या आठवड्यात रस्त्यावर गाडीखाली येऊन मेलेली कांगारूची मादी दिसली. इथे सगळेच करतात तसा तिच्या पोटाच्या पिशवीत हात घालून पाहिला. पिल्लू जिवंत होते. शेजारच्या नोरीनबाईंकडे नेले.

"माझ्याकडे घरभर पिल्लं आहेत, लेस. हे तूच सांभाळ. आणि नाव देऊ नकोस, नाहीतर सोडताना रडत बसशील."

"मी कशाला रडतोय?"

"तेच म्हणते मी. बायको गेली तेव्हाही रडला नाहीस."

पिल्लाला लोकरीची पिशवी लागते. ती दाराच्या खुंटीला टांगली आहे. पिशवीचे तोंड उघडून धरले की पिल्लू आधी डोके घालून कोलांटी मारते आणि आतून वळून नाक बाहेर काढते. दुपारी मी पिशवी छातीशी घेऊन बसतो. दोघांचा डोळा लागतो. आधी कोणाचा, ते कळत नाही.

ते रानात जाईपर्यंत मला तिकडे येता येणार नाही. रागावू नकोस.

थेल्माचे कपडे देऊन टाकलेस का, असे तू विचारलेस. सगळे दिले. तिचा निळा स्वेटर मात्र ठेवला आहे. त्याचा गळा शिवून टाकला. सध्या त्यात कोणीतरी राहते.

जपून राहा.
तुझा लेस