हिंगणघाटच्या मैफलीची टेप

मी, अच्युत वामन पांढरीपांडे, वय ७४, धंदा पियानोवादन, राहणार वडनेर, ता. हिंगणघाट, जि. वर्धा, कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे, तर स्वतःच्या समजुतीने हे लिहून ठेवतो. सावंगीच्या डॉक्टरांनी माझे हृदय कमजोर ठरवले आहे, डोके नाही. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. वडनेरचे घर व बँकेतील ठेव मुलगी इला हिला द्यावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. पियानो सुरात लावायची माझी हत्यारे नत्थू सुतार याला द्यावीत. त्याने पियानो कधी ऐकला नाही, पण बिघडलेल्या दोन पट्ट्या त्यानेच नीट केल्या.

३. पियानो कोणालाही द्यावा, मात्र प्रभाकरराव कापडवाले अध्यक्ष असलेल्या रसिक मंडळाला देऊ नये. डिसेंबर २००३ मध्ये त्यांनी हिंगणघाटला माझी जॅझची मैफल ठेवली व तिचे रेकॉर्डिंग केले. मुंबईच्या हॉटेलांत मी तीस वर्षे लोकांच्या जेवणाच्या आवाजात वाजवले. नुसते ऐकायला लोक आले ते त्याच दिवशी. सुरुवातीला प्रभाकररावांनी घरून नेलेल्या माझ्या पियानोला हळदकुंकू वाहिले आणि शुभकार्य म्हणून त्याच्याच कोपऱ्यावर नारळ फोडला! पाणी आत गेले. तासभर भाषणे झाली, तोवर मधल्या सप्तकातल्या दोन पट्ट्या फुगून बसल्या. त्या चुकवत मी वाजवत राहिलो. पुढे पुतण्या शौनक याने सीडी काढली, तिच्यावर छापले, ‘उतारवयातील मौनाचे सौंदर्य’. कसले मौन? नारळाचे पाणी होते ते. वाचून मला शिसारी आली आणि अजून येते.

४. सत्कारात मिळालेली शाल पायपुसण्याला वापरावी.

५. आता मूळ टेपबद्दल. हे मृत्युपत्र खरे तर तिच्यासाठीच लिहीत आहे, कारण शौनक ती ‘साफ’ करून माझ्यामागे पुन्हा काढणार आहे.

तिसरी रचना रंगात आली असताना प्रमुख पाहुणे उगवले. प्रभाकररावांनी माइक घेतला, “अच्युतराव, थांबा जरा. पाहुणे येऊन राह्यले. पयले सत्कार करून घेऊ.”

पहिल्या रांगेतून माझी पत्नी यशोदा उठून म्हणाली, “काऊन थांबवता त्यायले? वाजवू द्या ना!”

आणि मी म्हणालो, “यशोदे, चूप बस.”

सभागृह हसले. मी हात जोडून उभा राहिलो, शाल पांघरून घेतली, पाहुण्यांचे आभार मानले. नारळ फोडणाऱ्याची मला किळस येते, पण त्या हसऱ्या, वाकलेल्या म्हाताऱ्याची त्याहून जास्त येते.

पस्तीस वर्षे मी रियाजाला बसलो की यशोदा हातातले काम घेऊन जवळ येऊन बसे. त्या दिवसानंतर मी झाकण उघडले की ती मागच्या अंगणात जाई. मी तिची माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू म्हणत राहिलो. श्रावण २००५ मध्ये ती गेली.

शौनक म्हणतो, “काका, त्या दोन ओळी अशा काढतो की कोणाले समजणार नाई.” हे मला मंजूर नाही. भाषण कापावे, टाळ्या कापाव्यात, माझे सगळे वादन पुसले तरी माझी तक्रार नाही. यशोदाचे वाक्य आणि त्यामागोमाग आलेले माझे, यांना हात लावू नये. टेप इलाच्या ताब्यात द्यावी.

इला, आईने माझे वाजवणे ऐकणे का सोडले, असे तू मला दोनदा विचारलेस. दोन्ही वेळा मी ‘तिचे कान गेले’ असे सांगितले. तिचे कान शेवटपर्यंत शाबूत होते.

वरील मजकूर मी साक्षीदारांसमोर वाचून दाखवला व सही केली.

सही: अच्युत वामन पांढरीपांडे

साक्षीदार:
१. तानबा कोंडबा नेहारे, वडनेर (सही)
२. वच्छलाबाई गुलाबराव झाडे, वडनेर (डाव्या हाताचा अंगठा)

स्थळ: वडनेर
दिनांक: १९ नोव्हेंबर २००६