आधी श्री, मग फाईल

॥ श्री ॥

घाटनांदूर, शुक्रवार

ती. योगीराज दाजींना संगमेश्वरचा शरणार्थ.

शिवगंगाताईची कंबर आता कशी आहे? इकडे सगळे मजेत, मी सोडून. मोबाईलवर एवढं टाइप होत नाही, म्हणून हातानं लिहून फोटो पाठवतोय (फोन केला तर दुकानात आण्णा ऐकतील, आणि त्यांना वाटतंय की काम कधीच झालं). तुमच्याकडून काही नको, फक्त मन मोकळं करतो.

रविवारी धर्मापुरीला समाजाचा वधू-वर मेळावा आहे. दोनशे चौदा स्थळं पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम मी करतो, असं भर बैठकीत मीच छाती ठोकून सांगितलं होतं (त्यात एक स्थळ माझंही आहे, वय पस्तीस, 'संगणकतज्ज्ञ'). मंगळवारपासून तो प्रोग्राम एकच म्हणतोय, फाईल सापडत नाही. अहो, फाईल समोर दिसत होती! मी प्रोग्राम पुन्हा टाकला, वायरी काढून लावल्या, शेवटी काल वैतागून अख्खा कॉम्प्युटर फॉरमॅट केला. प्रोग्राम नव्यानं मांडला तरी तेच उत्तर. रडू येतं हो दाजी. भर मंडपात पडदा कोरा राहिला तर मला मुलगी कोण देणार?

आपला,
संगमेश्वर

ता.क. सापडलं! प्रोग्रामनं कुठल्या फोल्डरात बघायचं ते नाव एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात त्या जागी लिहून ठेवावं लागतं. आण्णांनी लहानपणापासून लावलेली सवय, कोरी जागा दिसली की आधी श्री. तिथंही मी नावाआधी श्री लिहिलाय. फॉरमॅटनंतर दुसऱ्यांदासुद्धा. तसल्या नावाचं फोल्डर तो बिचारा तीन दिवस शोधतोय.

ता.ता.क. श्री पुसायला गेलो तर मागे आण्णा उभे. "श्री पुसतूस व्हय रं? मेळावा ऱ्हायला तरी चालंल, श्री पुसायचा न्हाई. त्या फोल्डरलाच श्री लाव की!" जन्मात माऊसला हात न लावलेल्या माणसाला हे सुचलं, संगणकतज्ज्ञाला नाही.

आणखी एक. लावायला गेलो, तर फोल्डरच नाही. फॉरमॅटमध्ये सगळ्या बायोडाटांसकट गेलं. म्हणजे कालपासून कॉम्प्युटर खरं तेच बोलतोय. दाजी, मागच्या महिन्यात तेच दोनशे चौदा बायोडाटा तुम्हाला मेलवर पाठवले होते, 'माझ्यासाठी एखादी बघा' म्हणून. तुम्ही 'बघतो' म्हणालात. बघितले नसतील तर मी अजिबात रागावणार नाही. पुसले तर नाहीत ना?