टिल्लीसकट आणि टिल्लीशिवाय

४ फेब्रुवारी
लागली एकदाची नोकरी. कंपनी फर्निचर विकते. मोबाइल खोलीवर धरला की त्यांचं ॲप सोफा, टेबल ओळखतं आणि नवं सामान तिथे कसं दिसेल ते पडद्यावर मांडून दाखवतं. आता साहेबांना वाटतं, आधी जुनं सामान पडद्यावरून पुसलं जावं. ते ॲपला शिकवायचं काम माझं. एक फोटो वस्तूसकट, एक वस्तूशिवाय, असे ढीगभर. घरूनच करायचं, म्हणजे सहा वर्षांच्या लेकीकडे, टिल्लीकडेही लक्ष राहील. दुधात साखर. नवरा म्हणाला, वस्तू गायब करण्यात तू आधीपासूनच पटाईत, माझा चष्मा बघ.

७ फेब्रुवारी
सामान सरकवून कंबरडं मोडलं. शेवटी टिल्लीलाच सोफ्याच्या कोपऱ्यात बसवलं. बस, फोटो. ऊठ, फोटो. मग खिडकीत, दारात, जमिनीवर. मी सांगितल्याशिवाय उठायचं नाही, असा खेळच ठरला आमचा. घरात आयतं हलतं सामान असताना कपाटं कशाला ओढू? साहेब जाम खूश आहेत.

१२ फेब्रुवारी
नवं ॲप आलं. खोलीवर धरलं, तर सोफा गेला, टेबल गेलं आणि सोफ्यावर चित्रं काढत बसलेली टिल्लीही गेली. आधी हसू आलं, मग तिला हाक मारली. मोबाइल खाली केला, तर होती जागेवर. साहेबांना कळवलं. ते म्हणाले, मग उत्तमच, गिऱ्हाइकांच्या घरात माणसं मध्येमध्ये येतातच.

१५ फेब्रुवारी
नवरा रोज संध्याकाळी ॲपमध्ये नवे पलंग मांडून बघतो. आज त्याने दोघांचीच ताटं घेतली. मी चिडले तशी ओशाळला, कामाचा ताण म्हणाला. टिल्ली समोरच बसली होती. शेजारच्या काकूंनाही मीच हौसेने ॲप दिलं होतं. दुपारी त्या आल्या आणि सरळ टिल्लीच्या मांडीवर बसायला लागल्या.

१८ फेब्रुवारी
साहेबांना म्हटलं, माझ्या लेकीचे फोटो काढून टाका. ते म्हणाले, शिकलेलं कसं काढणार. खड्ड्यात गेली नोकरी. सगळ्यांच्या मोबाइलमधून ॲप पुसलं. मग नवऱ्याला विचारलं, टिल्ली जेवली का. कोण, म्हणाला. थट्टा नव्हती. थट्टा करताना त्याचा चेहरा कसा होतो, मला माहीत आहे.

२० फेब्रुवारी
त्या पडद्यातून सगळ्यांत जास्त तर मीच बघितलंय. मघाशी ती सोफ्यावर असून मी घरभर शोधत होते. हात धरला की दिसते. एकाच हाताने स्वयंपाक, एकाच हाताने हे लिहिणं. टिल्ली माझी लेक. पुढचे दोन दात पडलेत. लिहून ठेवते, म्हणजे—

२१ फेब्रुवारी
डोळा लागला. हात सुटला. कुठे—
सोफ्याच्या कोपऱ्यात बस म्हटलं तिला. हलू नकोस. मी येते, तोवर तिथेच—

२३ फेब्रुवारी
आज बरं वाटतंय. घर कसं मोकळं मोकळं. नवरा विचारत होता, दारातल्या त्या लहान चपला कुणाच्या. कुणाला तरी देऊन टाकू. सोफ्याच्या कोपऱ्यात उंच दिवा छान दिसेल.

या पानावर खाली कुणीतरी रंगीत खडूने वेडंवाकडं लिहून ठेवलंय. आई, आता उठू का. काल तर नव्हतं. खिडकी बंद आहे, तरी माझी बाही कोण ओढ—